त्या ‘आपण’मध्ये आम्ही नव्हतो

बुधवार

दोऱ्याच्या व्यापाऱ्यानं दिलेली ही डायरी आजवर गिऱ्हाइकांची मापं लिहायला वापरली. आजपासून मागच्या पानांवर माझं लिहिणार. मी फार बोलते अशी घरच्यांची तक्रार आहे आणि कुणी ऐकत नाही अशी माझी. कागद निदान मध्येच उठून जात नाही.

आज जेवताना सूनबाई एकदम म्हणाली, "शुक्रवारी आपण नदीकाठच्या उद्यानात जाऊ. दोन रात्री तंबूत राहू. रविवारी दुपारपर्यंत."

टेबलाशी आम्ही चौघं होतो. हे, मी, आमचे चिरंजीव आणि ती. गेला महिनाभर ही मुलगी खाली मान घालून जेवते आणि आज चक्क ‘आपण’! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी लगेच म्हटलं, "जाऊ की! दुकान ठेवते बंद. तंबूत मी जन्मात राहिले नाही."

सूनबाईच्या हातातला चमचा हातातच राहिला. ह्यांना ठसका लागला. एकटे चिरंजीव तेवढे खुलले. "हो हो, सगळेच जाऊ. आई, तू ये. बाबा, तुम्हीपण चला. मजा येईल." सूनबाई त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं ह्याच्या हनुवटीला काही लागलंय. मी नॅपकिन पुढे केला.

"ठीक आहे," एवढंच म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. स्वतःच बोलवायचं आणि स्वतःच तोंड पाडायचं, ही कुठली रीत?

मला कारण माहीत आहे. नवा सोफा. चिरंजीव चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतात, दिवसभर लोकांना विचारतात, ही काच बरी की ती. पण सोफ्याचा रंग ठरवायची वेळ आली तेव्हा पंधरा दिवस नुसतं "बघू, बघू" चाललं होतं. शेवटी मी जाऊन करडा घेऊन आले. तेव्हापासून सूनबाईचं बिनसलंय. आता कुणीतरी ठरवायला हवंच होतं ना?

गुरुवार

दुकानाच्या दाराला "शनिवार बंद" असा कागद लावला. माझं दुकान घराखालीच आहे. नवीन कपडे शिवत नाही, फक्त दुरुस्ती. चेन बदलणं, पँटची उंची कमी करणं, फाटलेला खिसा. लोक सगळं शेवटच्या क्षणी आणतात आणि वर म्हणतात, उद्या पाहिजे.

दुपारी हे खाली आले. स्टुलावर बसले, उठले, परत बसले.

"अगं, आपण जायलाच हवं का?"

"तिनं बोलावलंय."

"बोलावलंय असं..."

"अहो, माझ्या या कानांनी ऐकलं. आपण जाऊ म्हणाली. तुम्ही समोर होतात."

"हं," म्हणाले आणि माझा खडू हातात घेऊन बघत बसले. वीजमंडळात होते. जन्मभर लोकांच्या घरात शिरून मीटर वाचले, पण एका घरात दोन शब्द बोलले असतील तर शपथ. माझ्याशी तरी कुठे बोलतात. मी खडू काढून घेतला आणि त्यांना भाजीला पिटाळलं.

चिरंजीवांची पिशवी मी भरली. त्याला सांगितलं तर तीन शर्ट पलंगावर मांडून उभा राहील, हा घेऊ की तो. सूनबाईनं स्वतःची बॅग स्वतः भरली. पण काय बॅग! दोन रात्रींसाठी माणूस एवढं नेतं? चाकांची, निळी, कपाटाएवढी. चेन इतकी ताणलेली की दाते कण्हत होते. मी म्हटलं, "अगं, तंबूत राहायला चाललोय, बिऱ्हाड हलवायला नाही." त्यावर ती हसली. पण हसताना डोळ्यांत पाणी आलं होतं. हल्ली तिला सारखी सर्दी असते. मी वाफ घ्यायला सांगितलं.

शुक्रवार, संध्याकाळ

उद्यानातल्या लाकडी बाकावर बसून लिहितेय. बाकाला पाठ नाही. ज्यानं बनवला त्याला कंबर नसणार.

आलो चार वाजता. फाटकावरच एक रखवालदार भेटला. गळ्यात शिट्टी, आणि बोलण्यापेक्षा ती जास्त वाजते. मी त्याचं नावच शिट्टी ठेवलं. नियम सांगायला लागला तो थांबेचना. चूल फक्त लोखंडी कड्यात पेटवायची. भांडी नदीत घासायची नाहीत. कपडे झाडाला बांधायचे नाहीत. लाकडं बाहेरून आणायची नाहीत आणि इथली तोडायचीही नाहीत. मी विचारलं, "मग श्वास घेतला तर चालेल का?" त्यानं शिट्टी वाजवली. मला उद्देशून नव्हती, एक कुत्रं पाण्यात उतरलं होतं, पण मी दचकलेच.

सगळं सांगून झाल्यावर सूनबाई त्याला हळूच विचारते, "रविवारची बस फाटकावर किती वाजता येते?"

"दुपारी एकला. हात केला तर थांबते."

घरची गाडी दारात उभी आणि हिला बसच्या चौकशा. काय म्हणावं!

मग तंबू. सूनबाईनं आणलेला तंबू दोघांपुरताच निघाला. चौघं येणार हे माहीत असून दोघांचा तंबू घेते, म्हणजे लक्ष कुठे असतं कोण जाणे. दुसरा शिट्टीच्या ऑफिसातून भाड्यानं घेतला. उभारताना चिरंजीव दोन काठ्या हातात धरून उभे. "ही आधी की ती?" सूनबाई हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत राहिली. अंधार पडायची वेळ झाली, तिला आताच परीक्षा घ्यायची हौस. मीच म्हटलं, "अरे, लांब आधी घाल." घातली. चुकीची होती, ते सोडा.

झोपायची व्यवस्थाही मीच लावली. ह्यांच्या घोरण्यानं तंबू उडून जाईल, म्हणून बायका एका तंबूत आणि पुरुष दुसऱ्यात. चिरंजीव लगेच तयार झाले. सूनबाई त्याला म्हणाली, "तुला चालेल?" तो म्हणाला, "आई म्हणतेय तर..." सूनबाई उठून नदीकडे निघून गेली.

मघाशी ती परत आली आणि सगळ्यांना विचारलं. "तुला चहा हवा की कॉफी?" हे त्याला. मी म्हटलं, "चहा. कॉफीनं त्याला पित्त होतं." ती म्हणाली, "आई, मी त्याला विचारलं." अगं, पण उत्तर तेच आहे ना! कोण का देईना.

नदी मात्र चांगली आहे. रुंद, सावकाश वाहणारी, कुणाला काही विचारत नाही.

शनिवार, सकाळ

झोपेच्या नावानं शून्य. जमिनीला इतके उंचवटे असतात हे मला साठी उलटल्यावर कळलं. एक दगड नेमका माझ्या खांद्याखाली. उजवा खांदा आधीच कामातून गेलेला, मशीनवर वाकून वाकून. मी कण्हले असेन, सूनबाई अंधारात उठून बसली आणि न बोलता माझा खांदा चोळायला लागली. ती लोकांचे आखडलेले गुडघे आणि खांदे मोकळे करायचं काम करते, हाताला जादू आहे. घरीही रोज रात्री पाच मिनिटं चोळते. त्या बाबतीत तिला नावं ठेवायला जागा नाही.

मध्येच म्हणाली, "हा व्यायाम तुम्ही स्वतः करायला शिका आई. भिंतीला बोटं लावून वर चढवायची."

"तू आहेस ना," मी म्हटलं.

ती नुसती चोळत राहिली. नंतर मला झोप लागली असावी, कारण जाग आली तेव्हा ती तंबूत नव्हती. बाहेर डोकावले तर दोघं नदीकाठी उभे होते, दोघांच्या मध्ये आणखी दोन माणसं मावतील एवढं अंतर. ती बोलत होती आणि तो पायानं वाळू उकरत होता. गारठा होता. ह्याच्या अंगात स्वेटर नाही! मी स्वेटर घेऊन गेले. मी पोचले तशी ती गप्प झाली. स्वेटर घालताना त्याचा चेहरा असा सुटल्यासारखा झाला. थंडी वाजत होती ना, मला कळतं.

शनिवार, जेवणाआधी

हे लिहिलंच पाहिजे, नाहीतर मी फुटेन.

न्याहारीनंतर दोघं पायानं चालवायच्या होड्या असतात तिकडे निघाले. मी हाक मारली, "थांबा, आम्ही आलो!" हे म्हणाले, "अगं, जाऊ दे ना त्यांना. मला गळ टाकून बसायचंय, तू माझ्याजवळ बस." इतक्या वर्षांत ह्यांनी मला कधी जवळ बस म्हटलं नाही, ते आज आठवलं! मी गेलेच. हेही मुकाट्यानं मागून आले.

होडी चौघांची. पुढे ती दोघं पायडल मारायला, मागे आम्ही. ती मारतेय, हा मध्येच थांबतोय. होडी जागच्या जागी गोल. दुसऱ्या होडीतली पोरं हसायला लागली. सूनबाई समोर बघत म्हणाली, "डावीकडे जायचं की उजवीकडे? तू सांग. तू म्हणशील तिकडे जाऊ. पण तू म्हण."

"तुला कुठे जायचंय?"

"मला कुठे जायचंय ते मी तुला महिनाभर सांगतेय. मी आज तुला विचारतेय."

होडी गोल गोल. मला मळमळायला लागलं. मी म्हटलं, "अरे डावीकडे घे बाबा, तिकडे सावली आहे." त्यानं लगेच डावीकडे घेतली. सूनबाईनं पायडलवरचे पाय काढले आणि परत काठाला लागेपर्यंत ठेवलेच नाहीत. एवढा राग? सावलीवरून? ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि दाबला. मी म्हटलं, "काय?" तर म्हणे, "काही नाही."

या घरातल्या एकाही माणसाला सरळ बोलता येत नाही. ओरडून ओरडून मीच एकटी थकायची.

शनिवार, पाचच्या सुमाराला

डायरी मांडीवर ठेवून लिहितेय, अक्षर वाकडं येईल.

दुपारी शिट्टीचा कर्णा सुरू झाला. वरच्या धरणातून पाणी सोडणार आहेत, काठावरचे सगळे तंबू काढून वरच्या पत्र्याच्या शेडमध्ये या. काही धोका नाही, पाणी फक्त दोन हात चढेल, पण काठ मोकळा हवा. झाली पळापळ. उभारायला अख्खी संध्याकाळ लागलेले तंबू उपटायला घेतले. चिरंजीव खुंट्या काढत होते, सूनबाई भांडी वर पोचवायला गेली होती. मी म्हटलं, हिची बॅग आपणच न्यावी. चाकं वाळूत रुतली. मी कडी धरून उचलायला गेले आणि चेन फुटली. आयुष्यभर लोकांच्या चेनी बसवल्या आणि ही माझ्या हातात फुटली.

सगळं वाळूत. हिवाळ्याचे कोट, उन्हाळ्याचे कुडते, कामावरचे बूट, इस्त्री, उशीचे अभ्रे. आणि त्या सगळ्यातून घरंगळत एक गुडघा आला. प्लॅस्टिकचा, हाडं आणि वाट्या असलेला, रोग्यांना समजावून सांगायला ती दवाखान्यात टेबलावर ठेवते तो.

मी तो गुडघा हातात घेऊन उभी. "अहो, तंबूत राहायला येताना माणूस गुडघा कशाला आणेल?"

हे माझ्याजवळ येऊन वाळूत बसले. एकेक कपडा झटकायला लागले. मग म्हणाले, "ती उद्या इथूनच जाणार आहे. एकच्या बसनं."

"कुठे?"

"दुसऱ्या शहरात मोठं इस्पितळ आहे. तिथला अख्खा विभाग तिच्या हाताखाली देतायत. सोमवारपासून. त्याला चल म्हणतेय महिनाभर. चष्म्याच्या दुकानांना तिथे काय तोटा आहे. तो हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. दोन दिवस दोघंच कुठेतरी जाऊ आणि काय ते ठरवू, असं तिनं ठरवलं होतं."

"दोघंच?"

"अगं, त्या दिवशी ती त्याच्याशी बोलत होती. ते ‘आपण’ म्हणजे आपण नव्हे. ते ‘आपण’ म्हणजे ते."

मला आधी अर्थच लागेना. मग लागला, आणि कानशिलं अशी तापली की नदीत डोकं बुडवावंसं वाटलं. दोघांचा तंबू. बस. होडी. मी दोन दिवस त्यांच्या मध्ये पाचर होऊन बसले होते. रात्रीसुद्धा!

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. घरातच बोलतात की. तू बोलत असतेस, म्हणून तुला ऐकू येत नाही."

"मग मला त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगत होतो," म्हणाले. दुकानातलं ते चुळबुळणं म्हणजे सांगणं होतं म्हणे! मला ह्यांना गुडघ्यानं मारावंसं वाटलं. हातात होताच.

मी तशीच चिरंजीवांकडे गेले. खुंटीशी झटत होता. "तुला माहीत होतं ना, तिनं फक्त तुला म्हटलं होतं? मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"माझं सोड. तू तिला काय सांगितलंस? का येत नाहीस?"

बराच वेळ खुंटी हलवत राहिला. "म्हटलं, आईला सोडून कसं येऊ. तुझा खांदा असा. दुकान. बाबा काही बघत नाहीत."

माझा खांदा! माझ्या खांद्याआड हा महिनाभर लपून बसला होता आणि खांद्याच्या मालकिणीला पत्ता नाही. मी म्हटलं, "मी कधी म्हटलं तुला जाऊ नको? मला विचारलंस एकदा तरी?"

"मग तू सांग ना आई. मी काय करू? जाऊ?" आणि माझ्याकडे बघितलं. अगदी लहानपणी बघायचा तसं. मला कीव आली आणि तेवढाच रागही आला. ‘जा’ म्हणायला तोंड उघडलंसुद्धा होतं, तेवढ्यात शिट्टी आमच्या डोक्याशी येऊन वाजली. पाणी आलं, वर चला. आम्ही गुडघ्यासकट वर पळालो.

शनिवार, दिवेलागण

शेडच्या मागे नळ आहेत. सूनबाई तिथे भांडी घासत होती. मी शेजारी बसले आणि एक पातेलं ओढून घेतलं. कशी सुरुवात करावी सुचेना, म्हणून म्हटलं, "तुझी चेन माझ्या हातून तुटली."

"कळलं मला. बाबांनी दोरी बांधलीय."

"आणि बाकीचंही मला कळलं."

ती घासायची थांबली. मी म्हटलं, "अगं वेडे, मला आधी सांगायचंस. मी पाठवते त्याला. उद्या कान धरून बसमध्ये बसवते. माझा खांदा गेला चुलीत."

वाटलं होतं गळ्यात पडेल. तिनं हात पुसले आणि मला म्हणाली, "नको, आई. तुम्ही पाठवलेला नको."

"म्हणजे?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून तो येईल. लगेच येईल. मग तिथे गेल्यावर मी सांगेन ते करेल. घर कुठलं, शर्ट कुठला, चहा की कॉफी. मला तसा नकोय. त्याला यायचं असेल तर त्यानं यावं. नसेल यायचं तर तसं म्हणावं, मी भांडणारसुद्धा नाही. पण त्याच्या तोंडून येऊ दे. मला शब्द द्या, उद्या बस जाईपर्यंत तुम्ही त्याला काही सांगणार नाही. जा नाही आणि थांब नाही."

मी म्हटलं, "अगं, पण तो नाहीच बोलला तर?"

"तर मला कळलं," म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. मग मात्र ती रडली. मी ओल्या हातानंच तिला जवळ घेतलं. तिच्या कुडत्याला माझ्या हाताची राख लागली. ही माझ्याशी भांडत नाही, उलटून बोलत नाही, म्हणून मी तिला घुमी म्हणत आले. आज कळलं, ती वाट बघत होती.

शब्द दिला. मी! जिनं सोफ्याचा रंगसुद्धा दुसऱ्याला ठरवू दिला नाही.

रात्री शेडमध्ये सगळ्यांना एका ओळीत झोपायचंय. मी ह्यांना एका टोकाला ओढून नेलंय, त्या दोघांना दुसरं टोक. उशिरा का होईना.

रविवार, घरी

पाणी रात्रीतून उतरलं. सकाळी काठावर सगळीकडे चिखल आणि वर लख्ख ऊन. सूनबाईनं सगळ्यांना अंडी उकडून दिली. ती चिरंजीवांना घेऊन पाऊलवाटेनं लांबवर फिरून आली. मी गेले नाही. मी बाकावर बसून राहिले आणि माझ्या पायांना सांगत राहिले, बसा. परत आले तेव्हा तिचा चेहरा मला दुरूनच वाचता आला. तरी अजून दोन तास होते. माणसाला दोन तासांत काहीही सुचू शकतं, असं मी मनाला म्हटलं.

साडेबाराला तो माझ्याकडे आला. सूनबाई बॅगेची दोरी आवळत होती, तिच्या देखत नाही, बाजूला येऊन म्हणाला, "आई, मी काय करू? तू एकदा सांग. तू म्हणशील ते करतो."

एक शब्द. दोन अक्षरांचासुद्धा नाही, एका अक्षराचा. बोलले असते तर तो पिशवी घेऊन पळत सुटला असता, मला खात्री आहे. जीभ दाताखाली इतकी दाबली की अजून दुखतेय. मी म्हटलं, "मला माहीत नाही."

त्याचा विश्वास बसेना. "तुला माहीत नाही?"

"नाही."

तो गोंधळून उभा राहिला. मग वळला आणि तंबू गुंडाळायला लागला. तंबू त्याच्या पिशवीत मावत नव्हता. त्यानं तो बाहेर काढला, परत पसरला, हवा दाबून काढली, परत गुंडाळला. हे उठले, बॅग उचलली आणि फाटकाकडे चालायला लागले. एवढा वजनदार डोलारा आणि ह्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. मी आणि सूनबाई मागून.

फाटकावर ती ह्यांना म्हणाली, "जाते, बाबा." आमच्यात घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. लहान पोरालाही माहीत असतं आणि तिलाही माहीत आहे. पाच वर्षं कामाला जाताना रोज ‘येते, आई’ म्हणून गेली. माझ्या ओठांवर आलं, अगं, येते म्हण. पण कुठल्या तोंडानं म्हणू? मी तिच्या दंडावरची राख झटकली. ती कालच निघाली होती, मी उगाच झटकत राहिले.

बस आली. शिट्टीनं स्वतः हात करून थांबवली. सूनबाईनं एकदा मागे वळून शेडकडे पाहिलं. तिथून तो दिसत होता, गुडघे टेकून तंबूच्या पिशवीशी झटत होता. त्याला बस दिसली. दिसली हे मी पाहिलं, कारण त्याचे हात थांबले. मग ते परत सुरू झाले.

बस गेली तशी मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसकण मारली आणि भोकाड पसरलं. हे शेजारी उभे राहिले. काही बोलले नाहीत, पण या वेळी मला ते चाललं.

गाडीत मी मागे एकटी. निम्म्या वाटेवर चिरंजीव म्हणाले, "आई, तिथे गेल्यावर ती फोन करेल ना?" थोड्या वेळानं म्हणाला, "जेवायला कुठे थांबायचं?"

मी बाहेर बघत राहिले. हे म्हणाले, "तुला कुठे थांबायचंय?" तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तिथे." आम्ही दोघंही काही म्हणालो नाही. तो सरळ घरापर्यंत गाडी चालवत आला, उपाशी, आम्हालाही उपाशी ठेवून.

मी त्याची आई आहे. त्याच्यावर माझा जीव आहे आणि तो जीव काही केल्या कमी व्हायचा नाही. पण आज मला माझा मुलगा आवडला नाही. हे लिहिताना लाज वाटतेय, तरी खोडणार नाही.

सूनबाईचा फोन आला मघाशी, पोचले म्हणाली, खोली बरी आहे, भिंतीला बोटं चढवा. चढवून आले. तिसऱ्या वेळी कळ आली, पण चढवली.

आता न्हाणीघरातून हाक येतेय. "आई, टॉवेल कुठे आहे?" दोनदा झाली. हे माझ्याकडे बघतायत. टॉवेल नेहमीच्या जागी आहे, दाराच्या मागे. तिसरी हाक आली.

शोधू दे.